पालिकेची नवीन पायवाट: वर्षभर चालून मग लिहिलेला रिव्ह्यू

पायवाट कशी बांधलीय हे उद्घाटनाच्या दिवशी जाऊन कळत नाही, त्या दिवशी सगळंच छान दिसतं. मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जायचं, लोकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, आणि वाटेकडे बघत बघत सावकाश चालायचं. गेल्या वर्षभरात मी हे नऊ वेळा केलंय. शिवाय कडक उन्हात गेलेय, धुक्यात गेलेय, रविवारच्या गर्दीत गेलेय, बाबांची व्हीलचेअर ढकलत गेलेय आणि एकदा रात्री साडेआठला फक्त तिथले लाईट बघायला गेले. ही वाट आखायच्या वेळी ज्या दोन सुनावण्या झाल्या त्या दोन्हींना मी हजर होते, नकाशे हातात घेऊन बसले होते, त्यामुळे नुसत्या वाटेचाच नाही तर तिच्या प्लॅनिंगचाही रिव्ह्यू लिहितेय, कारण पायवाट चांगली की वाईट हे फावडं लागायच्या आधीच कागदावर ठरलेलं असतं असं माझं आता पक्कं मत झालंय.

आधी थोडक्यात. एकूण साधारण सहा किलोमीटर आहे. टेकडीच्या अंगावरून जाणारा भाग, मग ओढ्याकाठचा, मग पाणथळ जागेच्या बाजूने लाकडी फळ्यांची वाट, त्याला लागून नऊशे मीटरची सपाट गोल फेरी, आणि शेवटी गेटपर्यंत येणारा सातशे मीटरचा काँक्रीटचा उतार. टेकडी आणि ओढा यांना मी पाचपैकी पाच देते. सपाट फेरीला चार. काँक्रीटला एक. मेंटेनन्सला अजून मार्कच देत नाहीये, त्याचं कारण खाली लिहिलंय आणि ते नक्की वाचा कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

टेकडीपासून सुरुवात करते. इथे पूर्वी एक जुनी वाट होती, पायथ्यापासून सरळ नाकासमोर वर जाणारी, माझ्या लहानपणी ती वीतभर रुंद होती आणि मी पंचविशीला आले तोवर तिची गुडघाभर खोल घळ झालेली. घळीत चालता येईना म्हणून लोक बाजूने चालायला लागले, मग ती बाजूपण खचली, मग त्याच्या बाजूने, असं करत करत एका वाटेच्या चार वाटा झाल्या आणि सगळ्या झाडांची मुळं उघडी पडली. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटायचं माणसं जास्त झाली म्हणून असं होतंय. माणसांपेक्षा जास्त काम पाण्याने केलेलं होतं. पाणी उताराने सरळ खाली येतं आणि वाटही तशीच सरळ खाली उतरत असेल तर पाण्याला आयती नाली मिळते, एकदा ते तिच्यात शिरलं की बाहेर पडायला जागाच नसते, जितकं खाली जाईल तितका वेग वाढतो आणि माती घेऊन जातं.

नवीन वाट टेकडीला तिरकी कापत जाते. लांब पडते, जुन्या वाटेच्या जवळपास अडीचपट, आणि सुनावणीत याच्यावरून बराच आरडाओरडा झालेला की एवढं फिरवून कशाला नेताय. पण पायवाटा बांधणाऱ्या लोकांचे दोन साधे नियम आहेत. एक म्हणजे वाटेचा चढ हा टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. टेकडी ४० टक्के उताराची असेल, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की चाळीस मीटर चढ, तर वाट कुठेही २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, नाहीतर पाणी वाट ओलांडून पलीकडे जायच्या ऐवजी वाटेनेच खाली धावायला लागतं. दुसरा म्हणजे पूर्ण वाटेची सरासरी दहा टक्क्यांच्या आत राहू द्यायची. आणि यातली गंमत अशी की हा निम्म्याचा नियम सगळ्यात जास्त गोत्यात आणतो तो जवळजवळ सपाट जमिनीवर, कारण जमिनीलाच उतार नसेल तर पाण्याने जायचं कुठे, तिथे डबकं होणार आणि लोक डबकं चुकवायला बाजूने जाणार. म्हणून अनुभवी माणसं वाट मैदानातून न नेता मुद्दाम उताराच्या कडेने नेतात.

मी फोनमधल्या उतार मोजायच्या अ‍ॅपने पंधरा ठिकाणी मोजलं, जास्तीत जास्त चौदा टक्के आला आणि तोही थोड्याच अंतरासाठी. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली आहे, मीटरभर रुंदीला चार-पाच सेंटिमीटर, चालताना पायाला जाणवत नाही पण पाण्याला बरोबर जाणवतं. आणि दर दहा-पंधरा पावलांवर चढणारी वाट दोन पावलं हलकीशी उतरते आणि परत चढते. पहिल्यांदा मला वाटलं हे काम ओबडधोबड झालंय. तिथे मजुरांबरोबर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, पाणलोटाच्या कामात आयुष्य गेलेलं, त्यांनी मला थांबवून समजावलं की ही चूक नाही, ही जागा पाण्यासाठी सोडलीय, वाटेवर जे काही पाणी जमलं असेल ते इथे येऊन बाहेर पडणार, पुढच्या टप्प्यात जाणारच नाही. ओळंबा लावलेली ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, घेऊन त्यांनी सगळी लाईन आखलेली, पाणी अडवायला टेकडीवर एकाच उंचीवर खणतात ते समतल चर आखताना वापरतात तीच. अजून एक गोष्ट त्यांच्याकडून कळली, वाट पूर्णपणे टेकडीत कापून बसवलीय, अर्धी कापायची आणि निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून अर्धी भरायची असं केलेलं नाही, भरलेली कड दोन पावसांत खचते.

आणि खरंच, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी बघितलं तर वाटेवरच्या वाळक्या पानांच्या बारीक बारीक ओळी आडव्या लागलेल्या, म्हणजे पाणी वाट ओलांडून गेलं होतं. जुन्या वाटेवर पानांच्या ओळी नेहमी उभ्या असायच्या. तुमच्या जवळच्या कुठल्याही पायवाटेवर पावसानंतर हे एवढं एक बघा, आखणी बरोबर आहे का चूक ते लगेच कळेल.

जुनी घळ कशी बंद केली तेही सांगायला पाहिजे कारण ते काम कोणाच्या नजरेत येत नाही. नुसता "प्रवेश बंद" बोर्ड लावला की लोक बोर्डाच्या बाजूने जातात. इथे त्यांनी घळीत ठराविक अंतरावर दगडांचे छोटे आडवे बांध घातले, मधे तोडलेल्या फांद्या पसरल्या, आणि वरच्या आणि खालच्या तोंडाशी पहिले वीस-पंचवीस मीटर इतकी दाट झुडपं लावली की तिथे वाट होती हे नवीन माणसाला दिसतच नाही. वाट दिसली नाही तर पाय वळत नाहीत. एका वर्षात बांधांमागे गाळ बसलाय आणि गवत आलंय. बारीकच आहे अजून, पण आलंय.

आता प्लॅनिंग. सुनावणीला गेले तेव्हा मी खरं तर भांडायला गेले होते. पाणथळाच्या चारही बाजूंनी वाट हवी, पूर्ण गोल, अशी माझी मागणी होती आणि मी त्यासाठी पंचेचाळीस सह्या गोळा केलेल्या. बहुतेक लोकांना तेच हवं होतं, पाण्याभोवती गोल फिरायला कोणाला आवडत नाही. पण तिथे भिंतीवर जो नकाशा लावलेला त्याच्यावर वाटा नव्हत्याच. पहिल्या नकाशावर फक्त लाल पट्टे होते, जिथे वाट न्यायची नाही त्या जागा. पाणथळाचा सगळा उत्तर काठ, जिथे टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. ओढ्याच्या अगदी काठाला लागून असलेली दोन्हीकडची झाडोऱ्याची पट्टी. टेकडीवरचा एक सलग गवताळ तुकडा. दुसऱ्या नकाशावर आत्ता लोक कुठून चालतात त्या सगळ्या वाटा, चोरवाटांसकट, म्हणजे लोकांना नक्की कुठे जायचंय हेही लक्षात घेतलेलं. आणि तिसऱ्या नकाशावर, पहिल्या दोन्हींमधून जे उरलं त्याच्यात, प्रस्तावित वाट.

ही जी क्रमवारी आहे ना, आधी कुठे नको ते ठरवायचं आणि मग कुठे हवी ते, ह्याच्यासाठी मी या प्लॅनला पैकीच्या पैकी मार्क देते. नेहमी उलटं होतं. आधी नकाशावर एक सुंदर रेघ ओढली जाते आणि मग तिच्या आजूबाजूला जे काही जगायचं असेल त्याने जगावं.

मी विचारलं की पूर्ण गोल वाटेने असं किती नुकसान होणार आहे, चालणारीच माणसं आहेत, गाड्या थोडीच जाणार आहेत. त्याच्यावर प्लॅन करणाऱ्या टीममधल्या बाईंनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. कधीच न तुडवलेल्या गवतावरून पहिली थोडी माणसं गेली की बरंचसं नुकसान तेव्हाच होऊन जातं, त्यानंतर कितीतरी पट माणसं गेली तरी त्या मानाने थोडंच वाढतं. म्हणजे शंभर माणसं दहा वाटांवर विभागली तर दहा वाटांची वाट लागते, आणि तीच शंभर एका नीट बांधलेल्या वाटेवर आणली तर एकच जागा खर्ची पडते, बाकीच्या नऊ सुटतात. गर्दी पसरवली की निसर्गावरचा भार कमी होतो असं आपल्याला सहज वाटतं, मलाही वाटायचं. म्हणून पाण्याला चारही बाजूंनी वेढायचं नाही, दक्षिण काठावर फळ्यांची भक्कम वाट करायची, तिच्या टोकाला बसायला ओटा, आणि तिथून समोरचा काठ शांतपणे बघायचा. माझ्या सह्यांचा कागद मी परत घेतला. या वर्षी त्या ओट्यावरून टिटवीची तीन पिल्लं मी स्वतः बघितली, उत्तर काठावर, बरोबर त्याच जागी जिथून मला माझी वाट न्यायची होती. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं आणि खूप लाजही वाटली.

कुत्र्यांचा मुद्दा सगळ्यात जास्त तापला होता. मी स्वतः कुत्रा पाळणारी आहे तेव्हा हे मला सोपं नव्हतं. पण ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलपट्ट्यांमध्ये केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात दोरीला बांधलेली कुत्री घेऊन माणसं फिरवली आणि लगेच पक्षी मोजले, तर जिथे कोणीच फिरलं नव्हतं त्या जागांच्या मानाने पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी दिसले. दोरी बांधलेली असताना हे. नुसती माणसं चालली तेव्हा परिणाम याच्या निम्म्याहून कमी. शेवटी असा नियम झाला की टेकडीवर कुत्रा दोरीने चालेल, पाणथळाच्या भागात अजिबात नाही, आणि गेटजवळ कुत्र्यांना मोकळं सोडायला वेगळी कुंपणाची जागा. ही वेगळी जागा दिली म्हणून नियम टिकलाय. नुसती बंदी घातली असती तर आठवड्यात मोडली असती.

दुसऱ्या देशांत हे काम स्थानिक संस्थांवर कायद्यानेच टाकलेलं आहे, हे मला या सगळ्या प्रकरणात कळलं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या हद्दीतल्या मुख्य वाटांचा आराखडा करणं बंधनकारक केलं, लोकांना आपल्या भागात सगळीकडे पुरेसं फिरता यावं एवढ्या वाटा त्याच्यात असल्या पाहिजेत अशी अट. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याखाली स्थानिक संस्थांना वाटांच्या सुधारणेचा आराखडा करून जास्तीत जास्त दहा वर्षांनी त्याचा फेरआढावा घ्यावा लागतो, आणि त्यातच अंध आणि कमी दिसणाऱ्या लोकांना, चालायला त्रास असलेल्या लोकांना त्या वाटा कितपत वापरता येतात हे तपासायचं असंही लिहिलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला बाबांची आठवण झाली.

बाबा पूर्वी रोज टेकडी चढायचे. चार वर्षांपासून व्हीलचेअरवर आहेत. त्यांच्यासाठी म्हणून ती नऊशे मीटरची सपाट फेरी माझ्या दृष्टीने या सगळ्या ट्रेलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि म्हणून तिच्याबद्दल मी जास्त कडक लिहिणार आहे. चांगलं आधी. पृष्ठभाग बारीक खडी दाबून घट्ट बसवलेला आहे, पेव्हर ब्लॉक नाहीत, त्यामुळे चाकं खडखडत नाहीत आणि पाणीही मुरतं. उतार कुठेही वीस फुटांना एक फुटापेक्षा जास्त नाही, मी मोजलाय. अमेरिकेत सरकारी मोकळ्या जागांमधल्या ट्रेलसाठी जे मापदंड आहेत त्यांच्यात एवढा उतार कितीही अंतर चालतो, बाराला एक असेल तर २०० फुटांच्या आत थांबायला सपाट जागा द्यावी लागते, आणि रुंदी कमीत कमी ३६ इंच. इथे रुंदी त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, दोन व्हीलचेअर आरामात एकमेकींना ओलांडून जातात. बाकांना पाठ आहे आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे आहेत, म्हाताऱ्या माणसाला उठताना त्या दांड्याची किती गरज असते हे डिझाईन करणाऱ्याला माहीत होतं. आणि प्रत्येक बाकाच्या बाजूला व्हीलचेअर उभी राहील एवढी पक्की जागा आहे म्हणजे मी बाकावर आणि बाबा वाटेच्या मधे असं होत नाही, शेजारी शेजारी बसतो.

आता तक्रार. फळ्यांची वाट जिथे सुरू होते तिथे खडी आणि पहिली फळी यांच्यात चार इंचांची पायरी राहिली होती. चार इंच. चालणाऱ्या माणसाला ती दिसत पण नाही. पहिल्यांदा बाबांना घेऊन गेले त्या दिवशी आम्ही तिथपर्यंत पोचलो, समोर पाणी दिसत होतं, आणि चेअर पुढे जाईना. दोन मुलांनी उचलायला मदत करतो म्हटलं, बाबा नको म्हणाले, आपण परत जाऊ. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मी लेखी तक्रार दिली, फोटोवर टेप धरून माप दाखवलं, तीनदा जाऊन आले. दोन महिने लागले. त्याच्यानंतर उताराची फळी बसवली आणि आता बाबा ओट्यापर्यंत जातात. पण मला सारखं वाटतं की हातात टेप घेऊन एक माणूस एक दिवस व्हीलचेअर ढकलत गेला असता तर उद्घाटनाच्या आधीच हे सापडलं असतं. दिलेल्या कामाचं बिल पास करायच्या आधी ही एक फेरी सक्तीची करा, एवढीच माझी मागणी आहे.

आणि आता ते सातशे मीटर. मंजूर झालेल्या प्लॅनमध्ये गेटपासून टेकडीच्या वाटेपर्यंतचा टप्पा दोन वळणं घेऊन जाणारा कच्चा होता. प्रत्यक्षात तिथे तीन मीटर रुंद काँक्रीट आहे, सरळ उतारावरून खाली. मधे काय झालं ते आम्हाला कोणालाच नीट सांगितलं गेलं नाही, काम सुरू असताना "तांत्रिक कारणास्तव" बदल केला एवढंच उत्तर मिळालं. वर मी जे जे लिहिलं त्याच्या प्रत्येक गोष्टीच्या उलटं इथे आहे. काँक्रीटमध्ये पाणी मुरत नाही, सगळं पाणी कडेने धावतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही कडांना हातभर खोल चर पडलेत. एके ठिकाणी काँक्रीटच्या खालची माती वाहून गेलीय आणि स्लॅब हवेत लटकतोय, तिथे लहान मुलं वाकून बघत असतात. ओल्या शेवाळावर तीन माणसं घसरलेली मी स्वतः बघितलीयत, एकीच्या मनगटाचं हाड मोडलं. आणि हा टप्पा इतका चढाचा आहे की व्हीलचेअर तर सोडाच, गुडघे दुखणारं माणूससुद्धा उतरताना रेलिंग शोधतं, रेलिंग नाही. मग लोक काय करतात, बाजूच्या गवतातून जातात. तिथे आता एक नवीन चोरवाट तयार झालीय, नागमोडी, दोन वळणांची. मी जुना नकाशा काढून बघितला तर ती जवळजवळ प्लॅनमधल्या मूळ लाईनवरून जाते. लोकांच्या पायांनी ती शोधून काढली.

ह्याच टप्प्यात उंच पांढरे लाईटपण आहेत, पूर्ण रात्रभर चालू. साडेआठला गेले होते तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती किड्यांचे ढग होते आणि प्रकाश थेट ओढ्याच्या झाडीत शिरत होता. अंधारात बायकांना सुरक्षित वाटलं पाहिजे हे मला कोणी सांगायला नको, मी स्वतः संध्याकाळी एकटी चालते. पण त्याच्यासाठी कमरेएवढ्या उंचीचे, खाली तोंड असलेले, पिवळसर लाईट चालतात, वाट दिसते आणि झाडी अंधारात राहते, आणि वाट बंद व्हायच्या वेळेला ते बंद करता येतात. शिवाय माणसांना रात्री जाऊच द्यायचं नाहीये तिथे तर लाईट रात्रभर कोणासाठी.

मेंटेनन्सला मार्क का देत नाही ते आता. वाट बांधायला पैसे मंजूर झाले, बोर्ड लागला, फीत कापली. पण अंदाजपत्रकात वाट सांभाळायचं वेगळं हेडच नाही. मी दोन वर्षांची अंदाजपत्रकं डोळ्याखालून घातली, "उद्यान देखभाल" यात सगळं येतं असं सांगतात, आणि उद्यान विभागाच्या माणसांना लॉन कापायचं शिक्षण आहे, पाणी बाहेर काढायच्या त्या खोलगट जागा दर पावसाळ्यानंतर गाळ काढून मोकळ्या कराव्या लागतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. त्या जागा भरल्या की पाणी वाटेत अडकणार, वाटेने धावणार, आणि पाच-सहा वर्षांत आपण परत घळीपाशी. इतकं सुंदर काम असं वाया जाताना बघायची माझी तयारी नाही. आत्ता दोन ठिकाणी गाळ भरायला सुरुवात झालीय.

लोक म्हणतात पैसे नाहीत. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या लोकांनी १९६७ मध्ये मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, शहराभोवतीची मोकळी जमीन विकत घ्यायला आणि सांभाळायला. सांभाळायला हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आणि माणसं नाहीत म्हणत असतील तर तिथलीच लांब पल्ल्याची पायवाट अ‍ॅपलाचियन ट्रेल बघा, साडेतीन हजार किलोमीटर, बेंटन मॅकाय यांनी कल्पना मांडली १९२१ मध्ये, सलग झाली १९३७ मध्ये, आणि आजही तिची बरीचशी देखभाल वेगवेगळ्या क्लबांचे स्वयंसेवक आपापला टप्पा वाटून घेऊन करतात. त्या ट्रेलचा कितीतरी भाग नंतर उचलून दुसऱ्या लाईनवर नव्याने बांधलाय, कारण पहिल्या आखणीत चुका होत्या. म्हणजे चुकलेला टप्पा हलवणं यात कमीपणा काही नाही. आमच्यातल्या अकरा जणांनी मिळून टेकडीचा एक किलोमीटर सांभाळायला द्या असा अर्ज केलाय, फावडी आमची, फक्त वर्षातून एकदा तो ए-फ्रेमवाल्या काकांसारखा कोणीतरी जाणकार माणूस शिकवायला पाठवा. अजून उत्तर नाही.

बाकी छोट्या गोष्टी. बोर्डांवर अंतर किलोमीटरमध्ये आहे पण चढ किती ते लिहिलेलं नाही, नवीन माणसाला आणि आजारी माणसाला चढ जास्त महत्त्वाचा असतो. पाणथळाच्या बोर्डवर नुसतं "पुढे जाऊ नये" नाही तर का जाऊ नये ते दोन ओळींत लिहिलंय आणि पक्ष्याचं चित्र आहे, खूप छान. सायकलवाल्यांना फक्त ओढ्याकाठचा भाग खुला आहे, वळणावर झाडी छाटलेली आहे त्यामुळे समोरचं दिसतं, आतापर्यंत मी एकही भांडण बघितलं नाही. टॉयलेट एकच आहे, गेटपाशी, आणि व्हीलचेअर आत वळत नाही.

कोणी जावं असं विचाराल तर सगळ्यांनी जा. चालायची सवय नसेल तर ओढ्याकडून सुरुवात करा आणि टेकडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर गेटमधून अजिबात येऊ नका, मागच्या बाजूला सपाट फेरीचं वेगळं छोटं पार्किंग आहे, बोर्ड नीट लावलेला नाही म्हणून बऱ्याच लोकांना माहीत नाही. पाऊस पडत असताना काँक्रीटवरून उतरू नका. आणि पहिल्या पावसानंतर टेकडीवर जाल तेव्हा चिखल दिसला तरी वाटेच्या मधूनच चाला, बूट धुता येतात, कडेने चाललात तर वाट रुंद होते.

पुढची सुनावणी काँक्रीटच्या टप्प्यावरच आहे, आम्ही एकशे अठरा जणांनी लेखी हरकत दिल्यानंतर ती लावली. मी जुना मंजूर नकाशा, चोरवाटेचे फोटो आणि स्लॅबच्या खालच्या पोकळीचं माप घेऊन जाणार आहे. परवा संध्याकाळी बघितलं तर गेटजवळच्या गवतात कोणीतरी लाकडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांना लाल फडकी बांधलेली, बारा मोजल्या, आणि त्या सरळ रेषेत नाहीयेत, वळतायत. उद्या सकाळी बाबांना ओट्यावर सोडून मी फोनवर त्यांचा उतार मोजायला जातेय. आकडे आले की इथेच टाकते आणि त्या टप्प्याचा एक मार्क बदलायचा की नाही ते तेव्हा ठरवते.